रोगाचं वावर

अकोल्याला कृषी विद्यापीठात नोकरीवर हजर व्हायला गेले त्या दिवशी मॅडम ऑफिसात नव्हत्या. बाहेर बसलेल्या कारकुनानं वर न पाहता सांगितलं, "त्या वावरात असतात. तिकडेच जा." पहिला दिवस म्हणून मी इस्त्रीची सुती साडी नेसून आले होते. तशीच बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं चालत निघाले. पेरणीच्या आधीचे दिवस, काळी जमीन भेगाळून पडलेली. एका तुकड्याच्या मधोमध पन्नाशीची एक बाई बसली होती. सलवार-कमीजवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, हातात विळा. तुरीच्या वाळलेल्या झाडांचे ती बारीक तुकडे करत होती.

"अमरावतीची ना तू? ये, बस," त्या म्हणाल्या. बसायला ढेकळांशिवाय काही नव्हतं. मी बसले.

"मॅडम, हे कशासाठी?"

"हे मातीत मिसळायचं आहे. मेलेली झाडं आहेत, गेल्या साली मर रोगानं गेलेली. यांच्यातला रोग या जमिनीत मुरवतो आपण."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी शेतकऱ्याच्या घरची. मर रोग मी लहानपणापासून पाहिलेला. पाऊस चांगला झालेला असतो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मधल्या तासात तूर पिवळ्या फुलांनी लदलेली असते, आणि एका सकाळी दोन-चार झाडांनी माना टाकलेल्या दिसतात. जमिनीत ओल असते, तरी झाड तहानेनं मेल्यासारखं सुकत जातं. खोड चिरून पाहिलं की आत काळी रेघ. आमचे बाबा अशी झाडं उपटून धुऱ्यावर नेऊन जाळायचे, आणि घरी येऊन अंगावर पाणी घ्यायचे, घरातलं कुणी गेल्यासारखं.

"आमच्याकडे ही जाळतात," मी म्हणाले.

"जाळलीच पाहिजेत. कास्तकारानं जाळावी, आपण जपावी." त्यांनी विळा माझ्या हातात दिला. "चांगल्या जमिनीत सगळीच तूर हुशार दिसते, बेटा. कोणती खरंच टिकते ते इथंच कळते."

त्या तुकड्याला बाकीचे लोक रोगाचं वावर म्हणत. आजूबाजूला कपाशीचे, ज्वारीचे प्लॉट हिरवेगार असत. पाहुणे आले की त्यांना तिकडे फिरवलं जाई. आमच्याकडे डिसेंबरात नुसती उभी मढी. मॅडमनी त्या जमिनीत कितीतरी वर्षं हाच उद्योग केला होता, तेव्हा कुठं ती जमीन पुरती आजारी झाली होती. आमच्या भागात असं वावर मुद्दाम तयार करणाऱ्या त्या पहिल्याच. जागा मागायला गेल्या तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, हे मला पुढं त्यांनीच हसत हसत सांगितलं.

खरं सांगायचं तर मी ती नोकरी तात्पुरती म्हणून धरली होती. बँकेच्या परीक्षा देणं चालू होतं. सावलीत, पंख्याखाली बसून काम करावं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. मॅडमना ते ठाऊक होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या स्वतःहून रजा देत, वर "पेपर नीट लिही" म्हणत. कधी टोमणा मारला नाही. मात्र वावरात असेपर्यंत माझ्याकडून काम मनासारखं करून घेत.

मॅडम अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, मोर्णा नदीपलीकडच्या. वडिलांचं गाद्या-रजया भरण्याचं दुकान होतं. लहानपणी दुकानात आलेल्या कापसातली सरकी त्या वेचत, आणि घरामागच्या फुटक्या माठात पेरत. बी कुठून येतं, एकाच झाडाची दोन बोंडं वेगळी का, असे प्रश्न विचारून वडिलांना हैराण करत. शेतीचं शिक्षण घ्यायचं म्हटल्यावर गल्लीत चर्चा झाली. घरी वीतभर जमीन नाही, त्यात मुलगी. वडील एवढंच म्हणाले होते, "आपण आयुष्यभर कापूस पिंजला. तो उगवतो कसा, हे घरात कुणाला तरी कळू दे." हे सांगताना मॅडमचा आवाज जरा ओला व्हायचा. बाकी त्या सहसा हळव्या होत नसत.

पहिल्याच हिवाळ्यात बाबा मला भेटायला अकोल्याला आले. पोरगी कुठं काम करते ते पाहू, म्हणून थेट वावरात. समोरचं दृश्य पाहून ते धुऱ्यावरच थबकले. मग मॅडमना म्हणाले, "बाई, राग नका मानू. पण तुमी पगार घेऊन तूर मारून राहिल्या काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र खळखळून हसल्या. "हो भाऊ, मारूनच राहिलो. या, तुम्हाले दाखवतो."

त्यांनी बाबांना ओळीओळीनं फिरवलं. गावोगावची, दूरदूरची तूर तिथं पेरलेली होती. दर थोड्या ओळींनंतर एक ओळ मुद्दाम अशा तुरीची, जी रोग लागला की हमखास मरतेच. ती मेली म्हणजे रोग तिथवर पोचला हे पक्कं. मग तिच्या शेजारी कुणी उभं असेल तर त्याच्याकडे नीट पाहायचं. बाबा एका झाडापाशी वाकले. आजूबाजूचं सगळं वाळलेलं, आणि ते एकटं हिरवं.

"हे काहून नाई मेलं?"

"तेच तर शोधून राहिलो, भाऊ."

बाबा बराच वेळ त्या झाडापाशी उकिडवे बसून राहिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, बाई येडी नाई हाये. तू राह्य इथं." बँकेच्या परीक्षेबद्दल त्यांनी त्यानंतर विचारलं नाही. थोड्या दिवसांनी मीही फॉर्म भरणं सोडून दिलं.

पण त्या उभ्या राहिलेल्या झाडांचं बी पेरलं, की त्याचीही झाडं पुढच्या साली मरायची. दोन-तीन वर्षं असंच चाललं. कुणीतरी मॅडमच्या कानावर घातलं, की मेळघाटातल्या वरच्या गावांत जुनी तूर आहे, ती मरत नाही. लगेच आम्ही धारणीला निघालो. एस.टी.नं धारणी, तिथून जीप, आणि जीप थांबली तिथून पायी. मॅडम पुढे, मी धापा टाकत मागे.

एका कोरकू म्हातारीच्या उतारावरच्या शेतात ती तूर सापडली. उंच, झाडासारखीच वाढलेली, आमच्याकडची तूर खळ्यात येऊन गेली तरी ही अजून शेंगा भरत होती. दाणे बारीक, तांबूस. म्हातारी आमच्याशी हिंदीत बोलत होती. तिच्या सुनेनं खालच्या शेतात नवं बी पेरलं होतं. वरचा हा तुकडा म्हातारीनं स्वतःपुरता राखला होता.

"क्यों रखा, अम्मा?" मॅडमनी विचारलं. माझी खात्री होती, ही आता रोगाबद्दल काहीतरी सांगणार.

"मेरे को इसकी दाल अच्छी लगती," म्हातारी म्हणाली. झालं. तेवढंच कारण. मॅडमना ते फार आवडलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या पुन्हा पुन्हा ते वाक्य म्हणत होत्या आणि हसत होत्या. म्हातारीनं दिलेलं ओंजळभर बी त्यांनी रुमालात बांधून मांडीवर धरलं होतं. धारणीपर्यंतचा रस्ता असा, की आमची डोकी जीपच्या टपावर आपटत होती, पण तो रुमाल काही त्यांनी पिशवीत टाकला नाही.

रोगाच्या वावरात ती डोंगरातली तूर ताठ उभी राहिली. आनंद झाला, पण अडचणही होती. आमच्या कास्तकाराला एवढी उशिरा येणारी, एवढ्या बारीक दाण्याची तूर काय कामाची? हिचा चिवटपणा आणि आपल्या तुरीचा टपोरा दाणा एका झाडात आणायला हवा. म्हणजे दोघींचा संकर करायचा. आणि त्या दोघी एका वेळी फुलतच नव्हत्या. एक फुलायची तेव्हा दुसरी शेंगा भरून मोकळी. मॅडमनी मग आमची तूर थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं पेरली. शेवटच्या टप्प्यातली झाडं खुरटी राहिली, पण डोंगरवालीबरोबर फुलली.

संकराचं काम मला मॅडमनी शिकवलं. न उमललेली कळी चिमट्यानं अलगद उघडायची, आतले पुंकेसर एकही न ठेवता काढायचे, मग दुसऱ्या झाडाच्या फुलातला पराग तिथं टेकवायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. कळी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी. सुरुवातीला माझ्या हातून दहांतल्या नऊ कळ्या गळायच्या. मॅडम शेजारच्या झाडाशी काम करत असत. न रागावता म्हणत, "श्वास रोखू नको. श्वास रोखला की हात कापतो." थंडीच्या कोवळ्या उन्हात आम्ही दोघी अशा तासन्‌तास उभ्या असायचो. मधे ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी. मॅडमच्या डब्यात शुक्रवारी कबाब असायचे. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी त्या वेगळी बटाट्याची टिक्की आणत. त्यात कधी खंड पडला नाही.

माझं लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी चार महिन्यांची असताना मी अमरावतीला आईकडे होते. संकराच्या पुढच्या पिढ्या तोवर चांगल्या रंगाला आल्या होत्या. काही ओळी रोगात उभ्या राहत होत्या आणि दाणाही भरीव देत होत्या. त्या वर्षी त्यांचं बी काढलं, की पुढं गावोगावी चाचण्या सुरू होणार होत्या. एका सकाळी मॅडमचा फोन आला.

"बेटा, रोही जेवून गेले."

रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप रात्रीतून कुंपण ओलांडून आत शिरला होता. मी मुलीला आणि आईला घेऊन अकोल्याची एस.टी. धरली. वावरात पोचले तर झाडं मोडून पडलेली, शेंगा खाल्लेल्या, ओळींच्या खुणेच्या पाट्या मातीत तुडवलेल्या. अधूनमधून काही शेंगा उरल्या होत्या, पण कोणती कुठल्या ओळीची ते सांगता येत नव्हतं. म्हणजे असून नसल्यासारख्याच. मला रडू आवरेना. माझं बघून कडेवरची मुलगीही रडायला लागली.

मॅडमनी आधी तिला माझ्याकडून घेतलं. तिला खांद्यावर थोपटत त्या धुऱ्यावर फेऱ्या मारू लागल्या. ती शांत झाल्यावर म्हणाल्या, "मागच्या पिढ्यांचं बी डब्यात आहे. थोडं मागे जाऊन पुन्हा येऊ."

"किती मागे, मॅडम?"

हिशोब मलाही कळत होता. त्यांच्या निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरली होती. मागे जाऊन पुन्हा इथवर यायचं, तर हे वाण बाहेर पडेल तेव्हा त्या नोकरीत नसणार. जन्मभराच्या कामाचं फळ दुसऱ्याच्या हातून तोडलं जाणार. हे त्यांना त्या धुऱ्यावर, माझ्या लेकीला थोपटताना कळलं असणार. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहत होते. तो एकदा मावळल्यासारखा झाला. मग त्यांनी मुलीला माझ्या आईकडे दिलं, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाल्या, "चल. मोडकं उचलू, नाहीतर पुढच्या पेरणीला नडते."

पुढच्या पावसाळ्यात डब्यातलं बी पेरलं. ते जुनं झालेलं, उगवलं थोडंच, पण उगवलं. आम्ही पुन्हा तीच वाट चाललो. या वेळी मॅडम मात्र वेगळ्या वागत होत्या. कोणतं झाड ठेवायचं, कोणतं उपटायचं, हे आधी त्या ठरवत. आता मला ठरवायला लावत. मी विचारलं की म्हणत, "तुले काय वाटते?" माझं चुकलं तर चुकू देत, आणि का चुकलं ते पुढच्या हंगामात दाखवत. त्या मला घडवत होत्या. तेव्हा मात्र मला वाटायचं, मॅडम थकल्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. हार काढून ठेवला आणि मला घेऊन वावरात आल्या. एक चक्कर मारली, मोपेडला किक मारली आणि गेल्या.

वाण मान्यतेसाठी समितीपुढे गेलं, त्या दिवशी मी त्यांना आग्रहानं बोलावलं. त्या ऑटोनं आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. माझं सादरीकरण झाल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी डोंगरातल्या मूळ तुरीबद्दल बारीक प्रश्न विचारला, आणि मग मागे पाहून म्हणाले, "मॅडम आल्याच आहेत, त्याच सांगतील." सगळ्यांच्या माना वळल्या. मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, "तिला विचारा. ओळी तिच्या आहेत."

मी उत्तर दिलं. नीट दिलं. वाण मंजूर झालं.

मॅडमना पहिलं बी धारणीला न्यायचं होतं. दोघी गेलो. जीप आता पार गावापर्यंत जात होती. म्हातारी फार वाकली होती, पण तिनं मॅडमना ओळखलं. आम्ही बी आणि वेगळी भरडलेली डाळ दिली. हे तुझ्या तुरीचं लेकरू आहे, असं मॅडमनी समजावून सांगितलं. म्हातारीनं लगेच चुलीवर डाळ चढवली. आम्ही बाहेर खाटेवर वाट पाहत बसलो. मला समितीपुढे वाटली नव्हती एवढी धाकधूक तेव्हा वाटत होती.

तिनं चाखून पाहिलं. पुन्हा एकदा चाखलं. "अच्छी है," ती म्हणाली. "पर मेरी वाली नहीं है."

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "बरोबर बोलली! एकदम बरोबर!" मग त्या पोटभर जेवल्या, दोनदा डाळ मागून घेतली. आमचं बी म्हातारीनं सुनेकडे दिलं. स्वतःच्या तुकड्यात ती तिचीच तूर पेरत राहिली, आणि ती पेरत राहिली म्हणून मला आजही बरं वाटतं.

बाबांनी ती तूर आमच्या वावरात पेरली, त्या वर्षी हिवाळ्यात त्यांनी मला खास बोलावून घेतलं. पिवळ्या तासांमधून ते पुढे चालत होते, मी मागे. एकही झाड मान टाकून उभं नव्हतं. संध्याकाळी बाबांनी मॅडमना फोन लावायला सांगितला आणि ओरडूनच बोलले, "बाई, या सोले खाले. तुमच्याच हायेत." मॅडम खरंच आल्या. आईनं सोल्यांची भाजी केली, आणि बाबा आणि त्या धुऱ्यावर बसून जुन्या मित्रांसारखे गप्पा मारत राहिले.

गेल्या हंगामात एका गावातून मला निरोप आला, की आपल्या तुरीची काही झाडं वाळत आहेत. जाऊन पाहिलं. खोड चिरलं तर आत तीच काळी रेघ. रोग बदलतो, नवी रूपं घेतो, कुठलंही वाण कायमचं नसतं, हे मी मुलांना वर्गात शिकवते. तरी मी आणखी दोन खोडं चिरून पाहिली. हे मॅडमना सांगायचं कसं? दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी एक झाड पिशवीत घातलं आणि जुन्या शहरात त्यांच्या घरी गेले.

त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी खिडकीपाशी जाऊन खोडाच्या चिरेवरून नख फिरवलं. "तिथं पाणी साचत होतं का?"

"नाही."

"शेजारी कोणती तूर होती?"

मी सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, मी सांगत गेले. त्यांचा चेहरा पडेल या भीतीनं मी आले होते, आणि इथं मॅडम खुर्चीच्या टोकाशी सरकून पन्नाशीतल्यासारख्या बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग? कधी सुरू करतेस?"

"मॅडम, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"एवढी वर्षं लोकांनी डाळ खाल्ली ना, बेटा?" असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या. मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही.

मी आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं, तर मला सांगता येतं. हे सांगता येणं मला या बाईनं दिलं. तिनं मला सावलीतून उन्हात आणलं. स्वतःचं काम माझ्या हातात ठेवलं आणि माघारी कधी मागितलं नाही. बाबांनी मुलगी म्हणून जे दिलं, त्याच्या शेजारी मी हे ठेवते.

त्या दिवशी त्या मला सोडायला कठडा धरून जिना उतरून रस्त्यापर्यंत आल्या. खालच्या किराणा दुकानदारानं विचारलं, "आपा, कौन हैं ये? स्टुडंट थीं आपकी?"

"नहीं," मॅडम म्हणाल्या. "हम दोनों साथ में काम करते हैं." आणि मग मला म्हणाल्या, "सोमवारी गाडी पाठव. मीही येते."